मुनीमजींची सफारी

माणसाची किंमत कपड्यांवरून करू नये, हे मन्मथअप्पांचं आयुष्यभराचं तत्त्व होतं. गल्लीच्या टोकाला सिद्धलिंग राहायला आला आणि तत्त्व आठवडाभरही टिकलं नाही.

सिद्धलिंग गंजगोलाईच्या बाजारातल्या एका कापड दुकानात सेल्समन होता. तिशीच्या आतला, बिनलग्नाचा. गिऱ्हाइकासमोर इस्त्रीतच उभं राहायचं, अशी मालकाची ताकीद होती. त्यामुळे सकाळी दुकानाला निघण्याआधी तो पांढराशुभ्र शर्ट खोचून, खिशाला पेन लावून आपल्या दारात सायकल पुसत उभा असे.

नेमकी त्याच वेळी मन्मथअप्पांची बायको शिवकांता कमरेला घागर लावून टँकरची वाट बघत उंबऱ्यात उभी असे. आणि बघायची मात्र सिद्धलिंगकडे.

"काय बघायलीस?"

"काय न्हाई. तो सिद्धलिंग किती नीटनेटका ऱ्हातो, न्हाई का?"

"दुकानाचा बाहुला हाय तो. काचंतून उतरून आलेला."

"बाहुला तर बाहुला. माणूस थांबून बघतंय की."

मन्मथअप्पा तूरडाळीच्या मिलमध्ये मुनीम होते. मिलची पिवळी धूळ त्यांच्या भुवयांत, कानांत आणि बंडीच्या शिवणीत कायमची राहायला आली होती. डोक्यावर टोपी, कपाळाला विभूती, खाली आखूड झालेला पायजमा. लग्नाला वीस वर्षं होत आली, पण शिवकांतानं आपल्याकडे इतका वेळ एकटक बघितल्याचं त्यांना आठवेना. लग्नातही तिनं मान खालीच घातली होती.

त्या दिवशी मिलमधून येताना त्यांनी अंगातली बंडी काढून सिद्धलिंगच्या वाळत घातलेल्या शर्टाशेजारी चांगली झटकली. दुसऱ्या सकाळी सिद्धलिंग फिक्या पिवळ्या शर्टात उभा होता.

"ह्यो रंग बी खुलतोय त्याला," शिवकांता म्हणाली.

लातूर जिल्हा होऊन वर्ष झालं नव्हतं. नव्या कचेऱ्या भाड्याच्या घरांत थाटल्या होत्या आणि नवे साहेब मिळेल त्या गल्लीत बिऱ्हाड करून होते. साहेब कोण आणि बिनसाहेब कोण, हे ओळखायची सोय नव्हती. मिलच्या मालकानं तर एका विमा एजंटाला खुर्ची देऊन, चहा पाजून, न विचारता सगळं गोदाम उघडून दाखवलं होतं. पाणी मात्र अजून जिल्ह्याचं झालं नव्हतं. दोन पावसाळे कोरडे गेले होते. एक दिवसाआड टँकर यायचा, मन्मथअप्पांच्या दारावरून पुढं जायचा आणि सिद्धलिंगच्या दारातल्या कडुलिंबाच्या सावलीला थांबायचा. त्या कडुलिंबाची पानं कधीच गळून गेली होती. बायका तिथंच भांडी लावायच्या. शिवकांताचा नंबर येईस्तोवर टँकरचा तळ लागायचा. तरी तिकडं जाताना ती डोक्यावरचा पदर नीट करायची, हे अप्पांच्या नजरेतून सुटलं नाही.

शेवटी त्यांनी गफूर टेलरचं दुकान गाठलं.

"सफारी शिवायचीय. बदामी."

"मुनीमजी, तुमी?" गफूरभाईंनी टेप गळ्यातून काढला. "पोट आत घ्या जरा."

"आतच हाय."

"बरं, मग ऱ्हाऊ द्या. कपडा जादा लागंल."

"त्या सिद्धलिंगपेक्षा भारी दिसाय पायजे, गफूरभाई."

"सफारी भारी दिसंल, ह्याची ग्यारंटी. आतल्या माणसाचं अल्ला बघंल."

सफारी घरी आली. शिवकांता खर्चावरून बोलेल म्हणून अप्पांनी चार उत्तरं पाठ करून ठेवली होती, ती वाया गेली. तिनं कापड बोटांनी चाचपून बघितलं आणि ती म्हणाली, "टोपी नगं ह्याच्यावर. खिशाला पेन लावा. अन् केसांचं काय?"

केसांना कलप लावला. तो धुवायला तिनं प्यायच्या माठातलं पाणी दिलं. एक तांब्या नव्हे, दोन. ज्या घरात तोंड धुतलेलं पाणी तुळशीला जात होतं, त्या घरात हे म्हणजे हातात सोन्याचे गोठ घातल्यासारखं होतं. कलपाचा एक काळा ओघळ मानेवर आला, तो तिनं आपल्या पदरानं पुसला.

"सकाळी दारात उभं ऱ्हावा जरा," ती म्हणाली. "लोकांना दिसू द्या की."

"लाज वाटती गं."

"लाज कशाची? त्याच्यापरीस रुबाबदार दिसताव."

त्या वाक्यावर त्यांना रात्री लवकर झोप लागली नाही.

सकाळी ते दारात उभे राहिले. पोट होतं तितकं आत, पेन बाहेर. टोकाला सिद्धलिंग सायकल पुसत होता. अप्पांनी त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. शिवकांता आज त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. ती अप्पांकडे बघत होती, वरपासून खालपर्यंत, कॉलर नीट करत.

टँकर गल्लीत शिरला, नेहमीसारखा पुढं जायला निघाला आणि अप्पांच्या समोर कचकन थांबला. ड्रायव्हर नासिर उडी मारून खाली उतरला आणि त्यानं सलामासाठी हात कपाळाशी नेला.

"सलाम साब. कचेरीत नवे आलाव जनू? आधी सांगायचं न्हाई का! पानी कुटं सोडू?"

अप्पांनी खिशातलं पेन सरळ केलं. तोवर शिवकांतानं पाईप आपल्या पिंपात घातलाही होता. पिंपामागं रांजण, रांजणामागं घागरी, कळशी, पातेली, शेजारून मागून आणलेली घंगाळं. सिद्धलिंग इस्त्रीच्या शर्टात रिकामी बादली घेऊन आला आणि रांगेत शेवटी उभा राहिला. त्याची पाळी येईस्तोवर टँकरचा तळ लागला.

संध्याकाळी मिलमधून आल्यावर अप्पांनी पुन्हा सफारी चढवली आणि ते आरशासमोर उभे राहिले.

"खरं सांग," ते म्हणाले. "आता कोन भारी दिसतंय? तो का मी?"

शिवकांता भरलेल्या रांजणावर ताट झाकत होती.

"काढून ठेवा ती, मळंल," ती म्हणाली. "उद्या टँकर न्हाई."