नाळेवरची राख

डिस्चार्जच्या कागदावर सही तेवढी राहिली होती, आणि डॉक्टर सुचित्राचं पेन कागदावर टेकून थांबलं होतं.

समोर पुष्पा उभी होती. छातीशी पंचवीस दिवसांची मुलगी, वजन एक किलो आठशे. जुळ्यांतली ही उरलेली. हिचा भाऊ नवव्या दिवशी इथेच, काचेपलीकडच्या वॉर्डात गेला. पुष्पाचा नवरा लखन कापसाची गाडी घेऊन तीन दिवसांपासून खरेदी केंद्राच्या रांगेत अडकला होता. म्हणून दिग्रसपलीकडच्या तांड्यावरून तिला न्यायला एकटी सासू आली होती, हंसाबाई. ती बाहेर व्हरांड्यातच उभी होती.

"आजी आत येत नाहीत?" सुचित्राने विचारलं.

"नाही येत," पुष्पा म्हणाली. "पोरीले हातही नाही लावला तिनं. तुमी बोललात ना, तवापासून."

सुचित्रा विसरली नव्हती. तांड्यावर बाळंतपण हंसाबाईनेच केलं होतं, आणि नाळेला तुपात कालवलेली राखही तिनेच लावली होती. वजन कमी म्हणून पोरं दाखल झाली तेव्हा तो काळा थर सुचित्राने स्वतः पुसून काढला होता. पाचव्या दिवशी मुलाने दूध ओढणं सोडलं. अंग थंड पडू लागलं. मागच्या वर्षापर्यंत ज्या इंजेक्शनांनी पोरं दोन दिवसांत रडायला लागत, ती त्याच्या अंगात नुसती पाण्यासारखी गेली. तो गेला तेव्हा सुचित्राचा तोल सुटला. सगळ्या आया-आज्यांसमोर ती ओरडली होती, "तुमच्या राखेनं मारलं त्याला!"

हंसाबाई ओढणीचा पदर तोंडात धरून भिंतीला टेकून खाली बसली होती.

त्या महिन्यात तशी चार पोरं गेली. सुचित्राने चौघांचं आजारात घेतलेलं रक्त नागपूरला तपासायला पाठवलं, आणि त्यासोबत वॉर्डातल्या वस्तूंवरून फिरवलेले कापसाचे बोळेही. आज सकाळी रिपोर्ट आला. चौघांच्या रक्तात एकच जंतू, आणि तो बहुतेक औषधांना दाद न देणारा. तोच जंतू ऑक्सिजनच्या बाटलीतल्या पाण्यात सापडला होता. त्या पाण्यातून बुडबुडे होत हवा पोरांच्या नाकात जायची. ते पाणी रोज ओतून टाकून नवं भरायचं असतं. इथे जुन्यातच वरून भर घातली जात होती.

रिपोर्ट घेऊन ती मोठ्या डॉक्टरांकडे गेली होती. त्यांनी चष्मा काढून रिपोर्ट वाचला.

"बाटल्या बदला. एकेक पोर हलवून वॉर्ड धुऊन घ्या," ते म्हणाले. "नातेवाइकांपाशी मात्र एक शब्द नको. त्यांना काही समजणार नाही. आणि समजलं, तर त्याहून वाईट."

सुचित्राने सही केली. कागद पुष्पाच्या हातात दिला आणि ती बाहेर आली.

तिला पाहताच हंसाबाई भिंतीकडे सरकली.

"आजी, तुमच्या राखेनं नातू गेला नाही."

हंसाबाईने ओढणी कपाळावरून मागे सारली.

"राख लावू नये, ते खरंच. पण तो त्यानं गेला नाही. रोग इथला होता, आमच्या वॉर्डातला. मशीनच्या पाण्यातून त्याच्या अंगात गेला. मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. चुकलं माझं."

"इथलाच?"

"हो."

हंसाबाईच्या हातांतल्या बांगड्या वाजल्या, मग थांबल्या.

"सोळा दिवस झाले बाई," ती म्हणाली. "लखन माह्या हातचं पाणी पेत नाही. तांड्यातले अर्धे लेकरं माह्या हातावर झाले. मांगच्या हप्त्यात शेजारची अडली होती. मले कोनी बलावलं नाही. म्या म्हनलं, बराबर हाये. म्या माह्याच घरचं लेकरू मारलं, मले कायले बलावतीन?"

ती रडेल, शिव्या देईल, असं सुचित्राला वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही. पुष्पा दारातून पुढे आली आणि तिने पोर सासूपुढे धरली. हंसाबाईने आधी दोन्ही तळवे ओढणीला पुसले, मग हात पुढे केले. पोर निसटेल असं वाटून सुचित्राने खालून हात लावला.

"तुमी नोका लावू," हंसाबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

सुचित्राने हात मागे घेतला.

पोरीने तोंड वाकडं केलं, जांभई दिली. हंसाबाईने तिला ओढणीत गुंडाळून घट्ट धरलं आणि ती निघाली. चार पावलांवर थांबली. व्हरांड्याच्या बाकड्यांवर सात-आठ बाया बसल्या होत्या. कोणाच्या मांडीवर डबा, कोणाच्या हातात लंगोटांची पिशवी. त्यांची पोरं आत होती.

"या बायायले सांगतलं काय?"

हंसाबाईने उत्तरासाठी वाट पाहिली नाही. फाटकाबाहेर जीपवाला हॉर्न देत होता.

कडेच्या बाकड्यावर मारेगावची पंचफुला बसली होती. तिचा नातू तीन दिवसांपासून ऑक्सिजनवर होता.

"काय म्हनून राह्यली होती ते बुढी, डॉक्टरीनबाई?" तिने विचारलं, आणि बसायला जागा करून देत ती थोडी सरकली.

सुचित्राने आत काचेकडे एकदा पाहिलं. मग ती पंचफुलाशेजारी बाकड्यावर बसली.