धामणवळ, लोकसंख्या शून्य

जिल्ह्याच्या नव्या नकाशात डोंगर आणि खाडीच्या मधे धामणवळ गाव नव्हतंच, नुसतं रान होतं. लोकसंख्या शून्य. त्यामुळे एसटी बंद झाली, दवाखान्यातली नर्सही परत गेली.

मागची जनगणना गावातल्याच चंद्रभागा घाडीने स्वतः घरोघर चालत केली होती. तिने कचेरीत साहेबांच्या टेबलावर हात आपटला. "माणसा नाय तर मी कोण आसंय? भूत?"

"आजी, उपग्रह अंगाची ऊब मोजतो. मोजणीच्या दिवशी गावात कोणीच नव्हतं."

"गावपळण होती! गुराढोरांसकट अख्खो गाव वेशीभायर जाता. देवान कौल दिल्याबिगर कोण परत येणा नाय. ह्या जिल्ह्यात नोकरी करतंस आणि इतक्याय म्हायत नाय?"

"आता पुढची मोजणी दहा वर्षांनी."

"दहा वर्षां कित्याक? आजच मोज." तिने खिडकी सताड उघडली.

कचेरीच्या आवारात टेम्पोमागून टेम्पो शिरत होते. माडाच्या झापांच्या खोपी उभ्या राहत होत्या, चुली पेटत होत्या, कोंबड्या सरकारी गाड्यांखाली पळत होत्या. साहेबांच्या पडद्यावर उपग्रहाने मोजलेल्या आवारातल्या माणसांचा आकडा चढत चढत चारशे बारावर थांबला.

चंद्रभागा खुर्चीत ऐसपैस बसली.

"परतीचो कौल ह्या वेळी देव नाय, तू देतलंस."