एका रिंगेचा निरोप

“आये, फोन एकदाच वाजंल. उचलायचा न्हाई. वाजला म्हंजी मी बरा हाय.”

निघताना विमानदलातल्या सूरजने एवढंच बजावलं होतं. युद्ध सुरू झालं तसं प्रयागबाईंनी लेक घरी येईपर्यंत मीठ सोडलं. रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं की कट्ट्यावरचा फोन एकदाच वाजायचा, सूरजचं नाव उमटायचं आणि त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

बाविसाव्या दिवशी सूरज न कळवता एका जीपमधून थेट दारात उतरला. अख्खं डिंगोरे गाव अंगणात लोटलं. बाप हौशीराम पेढे वाटता वाटता नाचायचेच काय ते राहिले होते.

“आता तरी मीठ खा, बाई! माझीबी आळणी आमटीतून सुटका कर,” ते ओरडले.

लेकाच्या शेजारी बसून प्रयागबाईंनी घास कालवला. “तुझा फोन रोज वाजायचा रे, म्हणून तगले.”

सूरज खाता खाता थांबला. “आये, माझा फोन पहिल्याच दिवशी जमा करून घेतला. आजून तिकडंच हाय. मी एकदाबी केला न्हाई.”

तेवढ्यात कट्ट्यावरचा फोन वाजला. नाव सूरजचंच. या वेळी तो थांबेचना. प्रयागबाईंनी उचलला.

“आये, फाट्यावर उतरलोय. लई येळ झाला. न्यायला येते म्हणाली व्हतीस ना?”

लेक निघताना तसा शब्द त्यांनी फक्त त्याच्या कानात दिला होता. घरात जेवणाऱ्या सूरजने त्याचा विषय अजून काढलाही नव्हता.

प्रयागबाईंनी घास न चाखताच हात धुतला, डोक्यावर पदर घेतला आणि फाट्याची वाट धरली.