सोमवारची ओळ

फोरमवरच्या टिटवीचं ते जुनं पत्र ओलेगारिओला आता शब्दन् शब्द आठवत होतं. 'कसरभाऊ, आई गेली. त्या धांदलीत सोमवारची ओळ राहून गेली. मी मीच आहे हो. काहीही विचारून बघा, पण बोला.' त्याने उत्तर दिलं नव्हतं. आज तो स्वतः डावा हात प्लास्टरमध्ये घालून संगणकासमोर बसला होता आणि त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं.

इंटरनेटवरचा हा फोरम लहानसा होता. माँटेव्हिडिओतली, नदीपलीकडच्या ब्युनोस आयर्समधली, आणखी कुठकुठली माणसं तिथे जमायची. खरं नाव कोणी सांगायचं नाही. पुस्तकं खाणारी कसर म्हणजे ओलेगारिओ. टिटवी ती, कारण सतत ओरडायची. फोरम सांभाळणारा कंदील. चौकाचौकातले चेहरे ओळखणारे कॅमेरे, लोकांचे खासगी संदेश उघडायला सरकारला हव्या असलेल्या किल्ल्या, असल्या विषयांवर तिथे कडाक्याची भांडणं व्हायची. एरवी पाववाल्या बाईकडे अजून एक पाव मागतानाही ओलेगारिओची जीभ अडखळायची. इथे मात्र तो पानंच्या पानं लिहायचा आणि टिटवी त्याची टर उडवायची. 'कसरभाऊ, तुमचं एक वाक्य संपेपर्यंत माझा चहा गार होतो.' असं काही वाचलं की तो दिवसभर घरात एकटाच हसत फिरायचा. बोलायला त्याला दुसरं कोणी नव्हतं.

या लोकांचा एक रिवाज होता. महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रत्येकाने एक ओळ लिहायची. 'माझ्या दारावर कोणी आलेलं नाही.' दारावर सरकारी माणसं आली, दम देऊन गेली, तर ते बाहेर सांगायला बंदी असते. पण ओळ न लिहिणं तरी आपल्या हातात असतं. ज्याची ओळ चुकली तो गेला असं समजायचं. त्याच्या नावाने पुढे जे येईल ते त्याच्या खुर्चीत बसलेला दुसराच कोणीतरी लिहितोय. अशा नावाला पुन्हा कधीच उत्तर द्यायचं नाही.

ही शेवटची अट ओलेगारिओची. "अहो, माणूस विसरतोही कधी कधी," असं कंदीलने तेव्हा लिहिलं होतं. ओलेगारिओने लांबलचक खुलासा लिहून त्याला गप्प केलं. हुकूमशाहीच्या वर्षांत तो वाचनालयात कारकून होता. कोण कुठलं पुस्तक घरी नेतं हे विचारायला येणारी माणसं त्याने पाहिली होती. फार गोड बोलायची ती.

अट पहिल्यांदा लागू झाली ती टिटवीला. तिची पत्रं येत राहिली, मग विरळ झाली, मग थांबली.

आणि या महिन्यात, नेमक्या सोमवारी, ओलेगारिओ न्हाणीघरात घसरला. सगळा दिवस दवाखान्याच्या बाकावर गेला. मंगळवारी सकाळी त्याने एका हाताने कशीबशी अक्षरं बडवली. 'क्षमस्व, उशीर झाला. माझ्या दारावर कोणी आलेलं नाही.' पडल्याचं लिहिलं नाही. स्वतःविषयी काही सांगायचं नाही, हे आता अंगवळणी पडलं होतं.

थोड्या वेळाने कंदीलने सगळ्यांसाठी लिहिलं, "मंडळी, कसर गेला. त्याच्या नावाने काही आलं तर लक्ष देऊ नका."

ओलेगारिओने जुनी भांडणं आठवून आठवून लिहिली. कोण कधी काय म्हणालं, कोण रुसलं, कोणी माफी मागितली. खाली लोक आपापसात बोलू लागले.

"भाषा हुबेहूब जमलीय हो साहेबांना."

"जुनी पानं चाळायला पगार मिळतो त्यांना, न जमायला काय झालं?"

"साहेब, ड्यूटी किती वाजता सुटते?"

मग चेष्टा ओसरली आणि ते त्याच्या आठवणी काढू लागले. कंटाळवाणा होता, पण मनाने फार चांगला. आपल्यात एवढं वाचलेला दुसरा नव्हता. जिवंतपणी एवढं चांगलं त्याच्याविषयी कोणी लिहिलं नव्हतं. "मी इथेच आहे," त्याने लिहिलं. ती ओळ त्यांच्या बोलण्यात तशीच पडून राहिली. त्याने ती पुन्हा वाचली. त्यालाही ती कोणीतरी नक्कल करून लिहिल्यासारखी वाटली. आपण असंच लिहितो का? त्याला खात्रीने सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक पत्र आलं. इतक्या काळानंतर, टिटवीच्या नावाने.

'ओलेगारिओभाऊ, हात कसा आहे? डावा आहे म्हणून निभावलं. फार ठणकतो का? एका हाताने गरम पाणी ओतताना जपा. प्लास्टर कधी काढणार?'

त्याचं खरं नाव फोरमवर एकालाही ठाऊक नव्हतं, टिटवीलाही नव्हतं. हाताचं त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. संगणकाच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी होती. त्याने बोटाने चाचपून पाहिली, ती घट्ट होती. उठून पडदा जरासा सारला. दुपारची गल्ली रिकामी होती. समोरच्या बाल्कनीत कपडे वाळत होते.

तो परत येऊन बसला. फोरमच्या पानावर कंदीलने सदस्यांच्या यादीतून 'कसर' हे नाव काढून टाकलं होतं. ओलेगारिओने ते पान बंद केलं आणि पुन्हा पत्र उघडलं. यंत्राची तार उपटून टाकावी, एवढं त्याला पक्कं कळत होतं. दुसऱ्या कोणाला हाच सल्ला त्याने मुद्देसूद लिहून दिला असता.

उजव्या हाताच्या एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत, त्याने उत्तर लिहिलं आणि पाठवून दिलं.

'पुढच्या महिन्यात काढणार आहेत. रात्री जरा ठणकतो. तुम्ही विचारलंत, बरं वाटलं.'