काकांचा नफा

मुलांच्या पियानो स्पर्धेत वरच्या मजल्यावरची पोरगी पहिली आली, तर खरा नफा खालच्या काकांचा होता. पहिल्या नंबराला परगावच्या संगीतशाळेत राहून शिकायची जागा मिळणार होती, म्हणजे काकांच्या डोक्यावरची कटकट आपसूक टळली असती. सराव करताना पोरीचे हात सुसाट सुटले, की काका काठीने छत ठोकत आणि ती निमूट सावकाश होई.

स्पर्धेला काका जातीने हजर राहिले. ऐन रंगात पोरगी बावरली आणि हात पुन्हा सुसाट सुटले. खुर्चीत चुळबुळणाऱ्या काकांची काठी सवयीने फरशीवर आपटली. साऱ्या सभागृहाने वळून डोळे वटारले. पोरगी मात्र ताळ्यावर आली, आणि पहिलीही आली.

पोरगी परगावी गेल्यावर काकांनी शांतता चवीने चाखली, पण पोट भरायच्या आतच ती शांतता त्यांच्या अंगावर यायला लागली. एका संध्याकाळी, तिच्या सरावाच्या वेळेला, खोलीभर येरझाऱ्या घालून शेवटी त्यांनी छत ठोकलं. तिची आई धावत खाली आली.

"आता काय झालं, काका? वर कोणी वाजवत नाहीये."

"तेच सांगायला ठोकलं."