समितीची पाहणी

सन छप्पनची गोष्ट. पिंपळे गुरव गावाहून भिमाजी रोज लेकाला सायकलवर बसवून आणायचा आणि पाठुंगळी घेऊन कॉलेजच्या चौपन्न पायऱ्या चढायचा. ज्योतीरामचे पाय लहानपणीच्या तापात गेलेले. आता भिमाजीची कंबरही बोलायला लागली होती. वर्ग तळमजल्यावर भरवा, नाहीतर पोराचं शिक्षण सुटेल, असा अर्ज त्याने पाचव्यांदा दिला, तेव्हा कुठे प्राचार्य म्हणाले, "बुधवारी अकराला समिती अडचण प्रत्यक्ष पाहील. मुलाला वर्गात हजर ठेवा."

बुधवारी ज्योतीराम म्हणाला, "दादा, आपण खालीच थांबू. त्यांना बघू तरी द्या."

"येडा का काय तू! एवढी मोठी मानसं, त्यांना तिष्ठत ठिवायचं व्हय?"

भिमाजीने दहालाच त्याला वर नेऊन बाकावर बसवलं. आपला मळका सदरा साहेबांच्या नजरेस पडू नये, म्हणून स्वतः मागच्या जिन्याने खाली उतरला.

समिती धापा टाकत वर पोहोचली. संध्याकाळी सूचनाफलकावर शेरा लागला : "विद्यार्थी आमच्याही आधी वर हजर होता. अडचण आढळली नाही. अर्ज निकाली."



खाली आणखी एक ओळ होती : "सदस्यांना जिना फार जड गेला, सबब यापुढे समितीची बैठक तळमजल्यावर भरेल."