अंगठ्याजवळचा विराम

"थांबा. या गाण्याची चाल एका कंपनीच्या नावावर आहे," भिंतीवरच्या यंत्रातला सूर-तपासनीस म्हणाला.

मालन कासारणीने नवरीच्या हातावर चढवायला घेतलेली बांगडी तशीच धरली. "अरे, माझ्या आजेसासूपासून हीच चाल म्हणतोय आम्ही!"

"नोंद?"

नोंद नव्हती. पण गाणं थांबलं की पोरींचे हात ताठरतात आणि काच पिचते.

"मावशी, म्हणा तुम्ही. काय दंड होईल तो होऊ दे," नवरी म्हणाली.

मालन गाऊ लागली. चौथ्या ओळीत ती क्षणभर थांबली, आणि बांगडी मनगटावर आली.

"कंपनीच्या गाण्यातही इथेच विराम आहे," तपासनीस म्हणाला. "का, ते त्यांना सांगता आलं नाही. तुम्ही का थांबता?"

"इथं बांगडी अंगठ्याच्या हाडावरून जाते. तेव्हा मी श्वास रोखते, पोरगीही रोखते."

तपासनीसाने इंटरनेटवरचे कासारांचे जुने व्हिडिओ तपासले. प्रत्येकात विराम त्याच हाडाशी होता.

"नोंद बदलली. चाल बांगड्या भरणाऱ्यांची. सर्वांना मोकळी."

नवरीने टाळी वाजवायला हात उचलले.

"अगं, हळू!" मालन हसली. "आत्ताच बांगडी वाढवतेस की काय? दुसरा हात दे."